गिऱ्हाईक कुणाच्या शब्दावर येतं? छोट्या गावातल्या फोटोग्राफरसाठी

आज आपण बोरी अरबला बसलो आहोत. समोर काही जण स्टुडिओवाले आहेत, काही जण शेती किंवा नोकरी सांभाळून लग्नाच्या ऑर्डरी करणारे, आणि काही नुसते हौशी. आमच्याकडे आधीच आलेल्या चिठ्ठ्यांत बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: कॅमेरा घेतला, फोटो चांगले येतात असं लोक म्हणतात, पण काम येत नाही. गिऱ्हाईक आणायचं कुठून?

या प्रश्नाला आम्ही जरा जुन्या काळातून हात घालणार आहोत. कारण हीच अडचण सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच एका मराठी माणसाला आली होती, आणि त्याचं नाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

फाळके आणि बडोद्याचं गिऱ्हाईक

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणण्याच्या कितीतरी आधी ते पोटापाण्यासाठी फोटोग्राफर होते. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. १८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्र्याला जाऊन फोटोग्राफीचा धंदा मांडला. १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं, तेव्हा गोध्रा सोडून ते बडोद्याला परतले आणि तिथे पुन्हा धंदा सुरू केला. तो चालला नाही.

हाताला कसब होतं, सामान होतं, शहरही मोठं होतं. मग अडलं कुठे? त्यांच्या चरित्रांत असं सांगितलं जातं की, कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो, अशी समजूत गावात पसरली होती. राजघराण्यातले एक राजपुत्रसुद्धा फोटो काढून घ्यायला तयार नव्हते. फाळक्यांनी त्यांची समजूत घातली. मग त्या राजपुत्रांनी दरबारात फोटोग्राफीची बाजूही घेतली. तरी दुकानात गिऱ्हाईक आलं नाही. शेवटी फाळके नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्याकडे वळले.

इथे थोडं थांबू या. खुद्द राजपुत्राने शिफारस केली, याहून मोठी जाहिरात त्या काळात कोणती असणार? पण बाजारपेठेतला दुकानदार आपल्या बायको-पोरांचा फोटो काढायचा की नाही, हे राजपुत्राला विचारून ठरवत नव्हता. तो शेजाऱ्याला विचारत होता, मेहुण्याला विचारत होता. आणि शेजारी म्हणत होता, नको रे बाबा.

आता याच काळातलं दुसरं उदाहरण घेऊ. लाला दीनदयाळ, पुढचे राजा दीनदयाळ. इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढणारे नोकर. १८७४ च्या सुमारास हौस म्हणून त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि नोकरी मात्र लगेच सोडली नाही. सर हेन्री डेली या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना उत्तेजन दिलं. डेलीच्या जागी आलेल्या लेपेल ग्रिफिनने त्यांना दौऱ्यावर सोबत नेलं. तिथून काम व्हाइसरॉय डफरिनपर्यंत गेलं, मग हैदराबादच्या निजामापर्यंत, आणि १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडण्यापर्यंत.

दोघांच्याही मागे मोठी माणसं होती. मग एकाचं काम का वाढलं आणि दुसऱ्याचं का नाही? आम्हाला यात एक साधी गोष्ट दिसते. दीनदयाळांचं गिऱ्हाईकच साहेब लोक आणि संस्थानिक होते. एका साहेबाचा शब्द दुसऱ्या साहेबाकडे जात होता. फाळक्यांचं गिऱ्हाईक गावकरी होता आणि शब्द मिळाला तो राजवाड्यातून. शब्द आडवा पसरतो, बरोबरीच्या माणसांत. वरून खाली आला तर लोक मान डोलावतात, पण घरातला फोटो काढायला बोलावत नाहीत.

आजचा राजपुत्र

आता हे आपल्या गावाला लावून बघा. तुमच्या इन्स्टाग्रामवर पुण्या-नागपूरच्या फोटोग्राफरांचे लाइक येतात. एखाद्या स्पर्धेत बक्षीस मिळतं. चांगलं आहे, त्याने हात सुधारतो. पण बोरी अरबच्या ज्या घरात येत्या वैशाखात लगन आहे, ते घर या लाइक करणाऱ्यांना ओळखत नाही. ते घर कुणाला विचारतं? मागच्या वर्षी ज्यांच्याकडे कार्य झालं त्या सोयऱ्यांना. बिछायत केंद्रवाल्याला. बँडवाल्याला, पत्रिका छापणाऱ्याला, स्वयंपाक्याला, आणि मुलीची मावशी दारव्ह्याला असली तर तिला.

म्हणून पहिलं काम हे: एका कागदावर आपल्या गिऱ्हाइकाच्या बरोबरीचे दहा जण लिहून काढा, ज्यांचा शब्द ते घर ऐकतं. त्यांपैकी किती जणांकडे तुम्ही काढलेला एक तरी छापील फोटो आहे? छापील म्हणतोय आम्ही, मोबाइलमधला नाही. बिछायतवाल्याला त्याने सजवलेल्या मंडपाचे चार फोटो, लोक यायच्या आधी, दिवे लावलेले असताना काढून द्या. त्याला ते नवीन गिऱ्हाइकाला दाखवायला लागतातच. बँडवाल्याला त्याच्या पथकाचा एक नीट फोटो द्या. हा खर्च शे-दोनशे रुपयांचा, पण दुसऱ्या दिवसापासून तुमचं नाव त्याच्या तोंडी असतं.

पैसा कधी हातात असतो

आपल्याकडे वर्ष जानेवारीला सुरू होत नाही, पेरणीला सुरू होतं. जून-जुलैत वावरात पैसा जातो. सोयाबीन निघतं दिवाळीच्या आसपास, कापसाची वेचणी त्यानंतर पुढे चालते, तूर त्याच्याही नंतर. आषाढी ते कार्तिकी एकादशी लग्नं नसतात. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि गर्दी एप्रिल-मेमध्ये.

याचा अर्थ असा की, मे महिन्याच्या ऑर्डरीसाठी मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही. मुहूर्त ठरतात साक्षगंधाच्या वेळी, आणि फोटोग्राफरही बहुधा तेव्हाच ठरतो. तुमची खरी मेहनत दिवाळी ते संक्रांत या काळात व्हायला हवी. साक्षगंधाची छोटी ऑर्डर कमी पैशाची म्हणून कुणी सोडू नका, कारण लग्नाचा फोटोग्राफर तिथेच पारखला जातो.

पावसाळ्याचे महिने रिकामे वाटतात, पण पोळा त्यातच येतो. बैल सजवून उभा आहे, शेजारी शेतकरी नव्या कपड्यांत उभा आहे, असा फोटो त्या माणसाला हवाच असतो. मग गणपती, मग दुर्गादेवी. यवतमाळचा दुर्गोत्सव तर विदर्भभर प्रसिद्ध आहे. तिथल्या मंडळांना दहा दिवसांचं काम करणारा माणूस लागतो. शाळेचे वर्गफोटो, बचत गटांच्या बैठका, कृषी केंद्रांचे शेतकरी मेळावे ही कामं लहान आहेत, पण दर वर्षी परत येतात.

महिला फोटोग्राफर असतील त्यांना एक सांगू. राजा दीनदयाळांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता आणि तो एका बाईंच्या हाती दिला होता. ती गरज आजही आहे. डोहाळजेवण, हळद, नवरीची तयारी, बाळाचे फोटो, इथे घरातल्या बायका बाई फोटोग्राफरसमोर मोकळ्या होतात आणि फोटोही तसे येतात.

भिंतीवरचा फोटो

आता एका नाजूक गोष्टीबद्दल बोलायचं आहे. स्टुडिओ चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. घरातलं म्हातारं माणूस जातं आणि तेरवीच्या आधी घरचे फोटो मोठा करायला येतात. आणतात काय? आधार कार्डाची झेरॉक्स. नाहीतर कुणाच्यातरी लग्नातला घोळका, त्यात मागच्या रांगेत नखाएवढा चेहरा. तो कितीही मोठा केला तरी नीट येत नाही, कारण मुळात चेहऱ्याचा तपशीलच त्यात नसतो. सॉफ्टवेअर नाक-डोळे गुळगुळीत करून देतं, पण मग घरचे म्हणतात, हे आमचे बाबा नाहीत वाटत.

ज्या माणसाने पन्नास वर्षं वावर राखलं, त्याचा एक धड फोटो घरात नाही. आमच्या मते गावातल्या फोटोग्राफरचं सगळ्यात खरं काम इथे आहे, आणि सगळ्यात टिकाऊ गिऱ्हाईकही इथेच आहे.

करायचं कसं? मरणाची भाषा काढायची नाही. दिवाळीत बाहेरगावची मुलं घरी येतात, तेव्हा आपल्याच गल्लीतली पाच घरं निवडा. आजी-आजोबांना ओसरीत, दुपार कलल्यावर, सावलीत बसवा. फ्लॅश नको. आजोबांना टोपी घालायची असेल तर घालू द्या, आजीला डोक्यावरून पदर घ्यायचा असेल तर घेऊ द्या. आधी दोघांचा एकत्र, मग एकेकाचा, मग सगळ्या घराचा. आठ बाय बाराचा एक प्रिंट फ्रेम करून द्या आणि परवडेल असा पण ठरलेला भाव घ्या.

तो फोटो भिंतीवर लागतो. त्या घरी येणारा प्रत्येक सोयरा तो बघतो आणि विचारतो, कुणी काढला? हाच तो आडवा जाणारा शब्द. मोबाइलमधली पोस्ट दोन दिवसांत खाली जाते, भिंतीवरचा फोटो वीस वर्षं राहतो.

भाव आणि बोलणी

भाव सांगताना बहुतेक जण शेजारच्या फोटोग्राफरचा भाव बघतात. आधी स्वतःचा खर्च काढा. समजा कॅमेरा, लेन्स, फ्लॅश मिळून १,८०,००० रुपये लागले आणि चार वर्षं चालणार. म्हणजे वर्षाला ४५,०००. वर्षात तीस दिवस काम मिळालं तर एका दिवसाला १,५०० रुपये नुसते सामानाचे. मदतनीस १,०००, पेट्रोल ३००, मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्क २००. एक दिवस शूटिंग आणि दोन दिवस निवड-एडिटिंग, अशी स्वतःची तीन दिवसांची मजुरी ६०० च्या हिशेबाने १,८००. बेरीज ४,८००, आणि यात अल्बम धरलेला नाही. तुम्ही ४,००० ला ऑर्डर घेतली असेल, तर ८०० रुपये खिशातून घालून लग्न केलंत.

पैसे तीन टप्प्यांत घ्या. तारीख पक्की करताना बयाणा, कार्याच्या दिवशी मोठा हिस्सा, आणि अल्बम देताना थोडं. मोठा हिस्सा शेवटी ठेवू नका. कार्य उरकलं की घरातले पैसेही उरकलेले असतात. त्यात त्या घराचा वाईट हेतू असतोच असं नाही.

एका कागदावर दोन्हीकडच्या सह्या असू द्या: तारीख, किती वाजेपर्यंत थांबायचं, किती फोटो, अल्बमची पानं किती, कधी मिळणार. आणि एक ओळ आवर्जून लिहा, 'नमुना म्हणून निवडक फोटो दाखवायला परवानगी आहे'. कारण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काम देणारा असतो. कायदा बाजूला ठेवला तरी, नवरीचा फोटो न विचारता टाकला तर ते घर दुखावतं, आणि मग शब्द उलटा पसरतो.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*सुरुवातीला फुकट काम करावं का?*

करायचंच असेल तर कार्य फुकट करू नका, प्रिंट भेट द्या. अगदी जवळच्या नात्यात पैसे घ्यायचे नसतील तर बिल पूर्ण रकमेचं लिहा आणि खाली 'आहेर' म्हणून वजा करा. म्हणजे तुमच्या कामाची किंमत त्या घराला कळते, आणि ते पुढे सांगताना 'फुकट करतो' असं सांगत नाहीत.

*यवतमाळचे मोठे स्टुडिओ आमच्यापेक्षा कमी भावात करतात. आम्ही काय करायचं?*

भाव उतरवू नका, काम कमी करा. व्हिडिओ नको, एकच माणूस, अल्बमऐवजी पन्नास प्रिंट, असा छोटा हिशेब द्या. आणि त्या स्टुडिओशी वैर धरू नका. मोठ्या मुहूर्ताला एकाच दिवशी त्यांच्याकडे चार लग्नं असतात, त्यांना दुसरा कॅमेरा लागतो. त्यांच्याकडे जा, रोजावर काम करा, शिका. फक्त त्यांच्या ऑर्डरीत स्वतःचं कार्ड वाटायचं नाही. तो स्टुडिओवाला तुमच्या बरोबरीचा माणूस आहे. त्याला जमणार नाही ते बोरी अरबचं काम तो कुणाकडे पाठवेल, हे तुमच्या या वागण्यावर ठरतं.

आजच्यापुरतं एवढंच. घरी गेल्यावर ती दहा नावांची यादी करा. दिवाळीला किती दिवस उरलेत ते बघा, आणि गल्लीतली पाच घरं ठरवा.