वाइनमधली मिरपूड

मित्रांनो, शीर्षक वाचून दचकू नका. होस्टेलचे नियम मोडा, असं सांगायला हा लेख नाही. पिणं राहू दे बाजूला. यातली केमिस्ट्री झकास आहे, तेवढीच बघू.

'सिरा' नावाचं एक काळं द्राक्ष आहे. मूळ फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातलं. ऑस्ट्रेलियात त्यालाच 'शिराझ' म्हणतात. आता तिथलीच दोन ठिकाणं घ्या. ॲडलेडजवळची बरोसा व्हॅली उबदार, तर व्हिक्टोरिया राज्यातला ग्रॅम्पियन्सचा डोंगराळ भाग थंड. द्राक्ष तेच, पण बरोसाची वाइन दाट, जॅमची आठवण देणारी. ग्रॅम्पियन्सची मात्र हलकी, आंबटसर आणि चक्क मिरपूड भुरभुरल्यासारखी! असं का?

आंबटपणाचं कारण सोपं आहे. उन्हात द्राक्षात साखर भराभर चढते आणि तिचंच पुढे अल्कोहोल होतं. शिवाय उष्णतेत द्राक्षाचा मणी आपलं मॅलिक आम्ल, म्हणजे सफरचंदात असतं तेच, श्वसनात खर्च करून टाकतो. थंडीत हे सगळं सावकाश चालतं, म्हणून आम्ल टिकतं आणि फळाची चव ताजी राहते. ताजं करवंद आणि करवंदाचा जॅम यांत जो फरक, साधारण तोच.

पण मिरी कुठून आली? वाइनमध्ये तर ती कोणी घालत नाही! याचं उत्तर ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केलं. द्राक्षाच्या सालीत 'रोटंडोन' नावाचा रेणू असतो, आणि आपल्या काळ्या मिरीतही तोच असतो. लिटरला फक्त 16 नॅनोग्रॅम असला तरी रेड वाइनमध्ये त्याचा वास कळतो. गणित करून बघा: 1 ग्रॅम रोटंडोन सव्वासहा कोटी लिटर वाइनला पुरेल. म्हणजे ऑलिंपिकचे साधारण 25 जलतरण तलाव! इतक्या कमी प्रमाणामुळे तो उपकरणांना लवकर सापडला नाही, पण नाकाला कधीचाच कळला होता.

गंमत म्हणजे सगळ्यांच्याच नाकाला नाही. त्याच चाचण्यांत पाचातल्या एकाला रोटंडोन कितीही वाढवला तरी वास आला नाही. तेव्हा एकाच ग्लासवरून दोघे भांडले, तर दोघेही खरं बोलत असू शकतात.

हा रेणू गारव्यात आणि सावलीतल्या घडांत जास्त तयार होतो. मणी तापला की कमी. आपल्या नाशिकलाही शिराझ होते, पण फेब्रुवारी-मार्चच्या तोडणीपर्यंत ऊन चांगलंच चढलेलं असतं. आणि पृथ्वी अशीच तापत राहिली, तर थंड प्रदेशांतली मिरीही हळूहळू फिकी पडेल. एक-दोन अंशांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा. थर्मामीटरवर किरकोळ वाटणारा फरक द्राक्षाच्या सालीला मात्र बरोब्बर कळतो.