दंडाचे माप आणि प्रशिक्षकाचे मोल

पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर यांसारख्या शहरांतून, आणि आता तालुक्याच्या गावांतूनही, बँकेच्या किंवा कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर काचा लावलेली व्यायामशाळा दिसू लागली आहे. लोक तिला जिम म्हणतात. दाराशी एखाद्या पीळदार तरुणाचे भव्य छायाचित्र असते, आत चकचकीत यंत्रे असतात आणि जिन्याच्या तोंडाशी एक पाटी बहुधा बारमाही लटकलेली असते : ‘प्रशिक्षक पाहिजेत’. ही पाटी उतरत का नाही, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु त्याच्या उत्तरात एका नव्या धंद्याचे अर्थशास्त्र दडलेले आहे. आणि ते अर्थशास्त्र चुकले, तर त्याची किंमत मालकाबरोबरच गिऱ्हाइकाच्या गुडघ्याला, कण्याला आणि प्रसंगी हृदयालाही मोजावी लागते.

या धंद्याचा विस्तार होणार, हे उघड आहे. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील ४९.४ टक्के प्रौढांची शारीरिक हालचाल आवश्यकतेपेक्षा कमी होती. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांत ४२ टक्के होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज दिला. तात्पर्य, आज व्यायामशाळेचा जिना चढणारा माणूस हा कुस्तीगीर होऊ पाहणारा अठरा वर्षांचा तरुण असेलच असे नाही. तो डॉक्टरांनी ‘वजन उतरवा’ असे बजावलेला पंचेचाळिशीतील कारकून असतो. दिवसभर फळ्यापाशी उभे राहून गुडघे धरलेली शिक्षिका असते. गिऱ्हाईक बदलले, पण प्रशिक्षक निवडण्याची रीत मात्र बदलली नाही. ती अजूनही दंडाचे माप पाहण्याची आहे.

वस्तादाचा वारसा

महाराष्ट्राला व्यायामाचे शिक्षण नवे नाही. कोल्हापूरच्या तालमींना शाहू महाराजांचा आश्रय लाभला. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखविली. बडोद्याहून दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत निघाले. एवढा ग्रंथसंभार ज्या भाषेत आहे, तिच्यात व्यायाम शिकविणे ही विद्या मानली जात होती, याविषयी शंका नको.

या परंपरेत वस्ताद ‘नेमला’ जात नसे. तो तालमीतच घडे. कोणाला काय शिकवावे, कोणाची रग कोठे थांबवावी, हे त्याला वर्षानुवर्षांच्या सहवासातून कळत असे. आणि त्याची योग्यता गावाला ठाऊक असे. त्याच्या कमाईचा मोठा भाग पैशाचा नसून मानाचा होता. अर्थात या चित्राला सोनेरी मुलामा देण्याचे कारण नाही. तालमीचे दार स्त्रियांना बंद होते, दुबळ्या प्रकृतीच्या माणसाला तेथे फारसे स्थान नव्हते आणि आश्रयदाता गेला की वस्तादाच्या म्हातारपणाची विचारपूस करणारे कोणी उरत नसे. परंतु एक गोष्ट त्या व्यवस्थेत होती, ती आजच्या बाजारात नाही : शिकविणाऱ्याची पारख करू शकणारा समाज.

पारख कोणी करावयाची?

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक साधा सिद्धांत मांडला. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असेल, तर घेणारा चांगल्या मालालाही चांगली किंमत देण्यास कचरतो. मग चांगला माल बाजारातून काढता पाय घेतो आणि निकृष्ट माल उरतो. प्रशिक्षकांचा बाजार याच वळणावर उभा आहे. पाठीचा कणा वाकवून वजन उचलणे धोक्याचे आहे, हे नवख्या सभासदाला कळत नाही. इजा झाली तरी ती प्रशिक्षकाच्या चुकीने झाली की आपल्या वयाने, याचा त्याला उलगडा होत नाही. मालकाचीही स्थिती पुष्कळदा याहून वेगळी नसते. त्याने भांडवल घातलेले असते. शरीरशास्त्र तो शिकलेला असतोच असे नाही.

अशा वेळी माणूस खुणा शोधतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, एखादी खूण उपयोगी ठरण्यासाठी ती अंगी गुण नसलेल्याला मिळविणे गुणी माणसापेक्षा अधिक कष्टाचे असले पाहिजे. या कसोटीवर आजच्या दोन्ही प्रचलित खुणा तपासून पाहाव्यात. पहिली खूण म्हणजे पीळदार शरीर. ते कष्टाने कमावता येते हे खरे. पण ते औषधांनीही कमावता येते. शिवाय त्यावरून कळते ते एवढेच, की या माणसाला स्वतःचे शरीर घडविता आले. दुसऱ्याचे, तेही थकलेले आणि भ्यालेले शरीर त्याला घडविता येईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. उत्तम गणिती हा उत्तम गणितशिक्षक असतोच असे नाही, हे शाळा चालविणाऱ्यांना निराळे सांगावे लागत नाही.

दुसरी खूण प्रमाणपत्राची. शारीरिक शिक्षणाचे पदवी-शिक्षण देणाऱ्या संस्था देशात आहेत; ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय संस्था १९५७ पासून हे काम करीत आहे. कौशल्यविकासाच्या राष्ट्रीय चौकटीतही फिटनेस प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम बसविलेला आहे. परंतु याच बाजारात थोड्या दिवसांत आणि थोड्या पैशांत मिळणारी प्रमाणपत्रेही आहेत, आणि भिंतीवर टांगलेल्या चौकटीत दोन्ही सारखीच दिसतात. डॉक्टराला वा वकिलाला नोंदणीवाचून व्यवसाय करता येत नाही. व्यायाम-प्रशिक्षकाला तशी अट नाही. म्हणून कागद पाहावा, तो देणारी संस्था पाहावी, पण तेथेच थांबू नये.

कमिशनचा काटा

निवडीइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेतनाचा. पुष्कळ जिममध्ये प्रशिक्षकाला तुटपुंजा स्थिर पगार असतो आणि खरी मिळकत ‘पर्सनल ट्रेनिंग’च्या शुल्कातील वाट्यातून होते. किती सभासदांना ही जादा सेवा घ्यावयास लावली, याचे मासिक उद्दिष्ट ठरलेले असते. मालकाला ही पद्धत सोयीची वाटते : काम तेवढा दाम.

येथे बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम यांनी १९९१ मध्ये केलेले विवेचन मननीय आहे. एकाच माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यांपैकी एकच सहज मोजता येत असेल, तर मोजता येणाऱ्या कामावर दिलेले बक्षीस उरलेल्या कामांचा बळी घेते. प्रशिक्षकाने किती पॅकेजे विकली, हे मोजता येते. त्याने किती गुडघे वाचविले, हे मोजता येत नाही. ‘साहेब, आज छातीत दुखत असेल तर व्यायाम नको, आधी डॉक्टरांकडे जा’, असे म्हणणारा प्रशिक्षक त्या दिवशीचे आपले कमिशन गमावतो. जो सभासद दोन महिन्यांत स्वतंत्रपणे व्यायाम करू शकेल, त्याला सहा महिने परावलंबी ठेवण्यात त्याचा लाभ असतो. लवकर फळ दाखविण्याच्या घाईत भुकटीचे डबे आणि त्यापुढे जाऊन डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई असलेली औषधे यांची वाट मोकळी होते. हा दोष केवळ त्या तरुणाच्या चारित्र्याचा नव्हे. त्याच्यापुढे ठेवलेला काटाच वाकडा आहे.

आणि तो तरुणही या व्यवस्थेत सुखी नाही. पहाटे पाचला कुलूप उघडावयाचे, दुपारी रिकामे बसावयाचे, रात्री दहाला दिवे मालवावयाचे. भविष्यनिर्वाह निधीची सक्ती सामान्यतः वीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनांना आहे; लहान व्यायामशाळा तिच्या बाहेर राहते. २०२० च्या मार्चमध्ये व्यायामशाळा बंद झाल्या, त्या महाराष्ट्रात २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. ज्यांची मिळकत कमिशनवर होती, त्यांचे ते सात महिने कसे गेले असतील, याची कल्पना करणे कठीण नाही. अशा पोटाला शरीर ही एकच पुंजी असते, आणि ती चाळिशीनंतर उतरणीला लागते.

महाग प्रशिक्षक स्वस्त कसा?

चांगला प्रशिक्षक परवडत नाही, ही मालकांची नेहमीची तक्रार. तिचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्या व्यायामशाळेची वार्षिक वर्गणी १२,००० रुपये आहे आणि जाणत्या प्रशिक्षकाला नवख्यापेक्षा दरमहा ८,००० रुपये अधिक द्यावे लागतात. म्हणजे वर्षाला ९६,००० रुपये. एरवी सोडून गेले असते असे केवळ आठ सभासद त्याच्यामुळे टिकले, तर हा खर्च भरून निघतो. नवव्यापासून नफा सुरू होतो. जानेवारीत वर्गणी भरून मार्चमध्ये दिसेनासे होणारे सभासद ज्याने पाहिले आहेत, त्याला आठ हा आकडा मोठा वाटू नये.

कररचनेनेही या विचाराला थोडे बळ दिले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यायामशाळांच्या सेवेवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली. याचा अर्थ असा, की यंत्रांवर व जागेच्या भाड्यावर भरलेला कर आता मालकाच्या अंगावर पडतो. नोकरीतील माणसाच्या पगारावर हा कर नाही. यंत्राच्या तुलनेत माणूस थोडा स्वस्त झाला आहे.

‘शिकविले की तो गिऱ्हाइके घेऊन शेजारी दुकान थाटतो’, हा दुसरा आक्षेप. भीती खोटी नाही. म्हणूनच काही मालक ‘सोडून गेल्यावर या भागात धंदा करणार नाही’, असे लिहून घेतात. परंतु भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार सामान्यतः निरर्थक ठरतो. नोकरी संपल्यानंतर अशा कागदाने माणूस बांधता येत नाही. त्याला बांधणारी दोरी एकच : येथे राहण्यात त्याचे हित आहे, ही खात्री. पुरेसा स्थिर पगार, कमिशनचा मर्यादित वाटा, सभासद वर्षभर टिकल्याबद्दल बक्षीस, अधिक शिक्षणाच्या खर्चात निम्मी भागी आणि वय वाढल्यावर देखरेखीच्या जागी बढती, अशी या दोरीची सूत्रे असू शकतात.

मुलाखत नव्हे, कसोटी

उरतो प्रश्न निवडीच्या रीतीचा. खुर्चीत बसवून विचारलेल्या प्रश्नांनी प्रशिक्षक कळत नाही. त्याच्यापुढे पन्नाशीचा, रक्तदाबाचे औषध घेणारा नवखा सभासद उभा करावा आणि अर्धा तास पाहावे. तो आधी प्रश्न विचारतो की आधी वजन उचलावयास देतो? सभासद चुकला, तर तो हसतो की हात धरून सुधारतो? अमुक माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, डॉक्टरांना विचारा, हे शब्द त्याच्या तोंडून निघतात का? कोणी कोसळले, तर हृदयाला दाब देऊन श्वास चालू ठेवण्याचे प्रथमोपचार त्याला येतात का? आधीच्या ठिकाणी चौकशी करावी. महिनाभर सवेतन उमेदवारी द्यावी. अटी लेखी असाव्यात. स्त्री सभासद जेथे येतात, तेथे स्त्री प्रशिक्षकांची नेमणूक ही शोभेची गोष्ट नसून धंद्याची गरज आहे, आणि स्पर्श करण्यापूर्वी विचारणे हा प्रत्येक प्रशिक्षकाचा पहिला पाठ असला पाहिजे.

ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच वेतनातील फरकांची कारणे सांगताना विश्वासाचा उल्लेख केला होता. सोनाराच्या हाती आपण सोने देतो, वैद्याच्या हाती प्रकृती. ज्याच्यावर विसंबावयाचे, त्याला त्या विश्वासाला साजेसे वेतन मिळाले पाहिजे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. व्यायाम-प्रशिक्षकाच्या हाती माणूस आपले शरीरच देतो. त्याचे मोल दंडाच्या मापाने आणि विकलेल्या पॅकेजांच्या संख्येने ठरविले जाईल, तोवर जिन्याच्या तोंडाची ती पाटी उतरणार नाही. आणि जिना चढणाऱ्या पंचेचाळिशीच्या कारकुनाला, आपण कोणाच्या हाती सापडलो आहोत, हे कळण्याचा मार्गही सापडणार नाही.