उन्हाळ्यातली बॅटरी आणि द्रवरूप क्षार

मार्च 2022 मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर धुमसू लागली आणि पाहता पाहता पेटली. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली अशी गाडी लावणाऱ्याला प्रश्न पडणारच : बॅटरीत जळण्यासारखे असते तरी काय?

लिथियम-आयन बॅटरीच्या दोन विद्युत अग्रांमध्ये एक द्रव असतो. त्यातून लिथियमचे आयन ये-जा करतात. हा इलेक्ट्रोलाइट म्हणजे बहुधा सेंद्रिय कार्बोनेटांत विरघळवलेला लिथियमचा क्षार. यांपैकी डायमिथाइल कार्बोनेटची वाफ तर साधारण 17 अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेट घेते. बॅटरी बंदिस्त असल्याने एरवी बिघडत नाही. पण आत शॉर्टसर्किट झाले, की उष्णतेने रासायनिक क्रिया वाढतात, त्या आणखी उष्णता देतात, वाफेच्या दाबाने कवच फुटते आणि आगीला इंधन मिळते.

हे इंधनच बदलले तर? येथे ‘आयनिक द्रव’ पुढे येतात. हे क्षारच, पण नेहमीच्या तापमानाला द्रव! मीठ वितळायला 801 अंश लागतात, कारण त्याचे लहान, गोल आयन घट्ट रचले जातात. त्यांच्याऐवजी मोठे, वेडेवाकडे आयन घेतले, की रचना जमत नाही. बोरे नीट रचता येतात, चिंचा नाही. पॉल वाल्डेन यांनी 1914 मध्ये वर्णन केलेले इथिलअमोनियम नायट्रेट 12 अंशांनाच वितळते. मात्र धन व ऋण भारांची ओढ कायम असल्याने आयन द्रवातून सहजी सुटत नाहीत. वाफ जवळजवळ होतच नाही.

खोट अशी, की हे द्रव दाट असतात आणि त्यांत आयन हळू सरकतात. तापवले की ते पातळ होतात, काकवीसारखेच. (वर्गात काकवी कोमट करून दाखवावी.) म्हणजे उष्णता यांच्या थोडी पथ्यावरच पडते! म्हणून सुपरकपॅसिटरसाठी ते विशेष सोयीचे. तेथे आयनांनी सच्छिद्र कार्बनवर नुसते जमायचे असते. त्यात वापरले जाणारे ॲसिटोनायट्राइल 82 अंशांना उकळते. आयनिक द्रव शंभराच्या पुढेही काम देतात.

तरी ‘अग्निरोधक’ हा शब्द येथे वापरू नये. अतिशय तापल्यावर हे द्रवही विघटन पावतात आणि निघणारे काही वायू जळतात. निकेल-कोबाल्टचे धन अग्र तापल्यावर ऑक्सिजन सोडते, तो दोषही द्रव बदलून जात नाही. किंमत तर भारीच. म्हणून संशोधक जुन्या द्रवात आयनिक द्रव मिसळूनही पाहत आहेत.