चाळिशी आणि शेतीकाम

चाळिशी उलटली की डोळ्यांतील भिंग ताठर होत जाते. बियाण्यातील खडा ओळखू येत नाही. औषधाच्या डब्यावरील प्रमाण वाचता येत नाही. प्रमाण चुकले, तर कीड तरी राहते, नाही तर पीक करपते.

२०१७ साली आसामच्या चहामळ्यांत चाळिशी गाठलेल्या ७५१ मजुरांवर प्रयोग झाला. जवळचा चष्मा मिळालेल्यांची रोजची पानतोडणी २५ किलोंवरून सुमारे ३५ किलोंवर गेली. चष्म्याविना राहिलेल्यांची २६ वरून सुमारे ३१ वर.

मात्र बाजारातून अंदाजाने चष्मा घेऊ नये. तपासणीत मोतीबिंदू, काचबिंदूही वेळीच कळतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी चाळिशीपुढील स्त्रीपुरुषांची यादी करून त्यांना सरकारी रुग्णालयात न्यावे. अवजाराला धार लावतो, तशीच नजरेचीही निगा राखावी.