सरकत्या कीबोर्डचा फोन आठवतोय का?

तुमच्या घरातही असा एक खण असेलच. जुने चार्जर, बंद पडलेलं घड्याळ, कुठल्या तरी टॉर्चचं झाकण आणि दोन-तीन जुने मोबाइल. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत इंदूरच्या आमच्या घरातल्या खणातून एक जाडजूड काळा फोन निघाला. काकाने फार पूर्वी अमेरिकेतून आणलेला. मी अंगठ्याने त्याची स्क्रीन ढकलली, तर ती 'खट्' आवाज करत बाजूला सरकली आणि खालून अख्खा कीबोर्ड बाहेर आला. माझा दहा वर्षांचा चुलतभाऊ घाबरून म्हणाला, "ताई, तुटला का गं?"

तुटला नव्हता. तो तसाच बनवलेला होता.

अँड्रॉइडचा पणजोबा

हा फोन म्हणजे एचटीसी ड्रीम. अमेरिकेत तो टी-मोबाइल जी१ या नावाने ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीला आला. आज तुमच्या हातात अँड्रॉइड फोन असेल, तर हा त्याचा पणजोबा समजा. कारण अँड्रॉइडवर चालणारा, दुकानात जाऊन विकत घेता येणारा हा जगातला पहिला फोन.

स्क्रीन फक्त ३.२ इंचाची. जाडी सुमारे १७ मिलिमीटर, म्हणजे आजचे दोन फोन एकावर एक ठेवावेत तेवढी. वजन मात्र १५८ ग्रॅम, म्हणजे आजच्या कितीतरी फोनपेक्षा कमीच. बॅटरी ११५० एमएएचची. खालच्या बाजूला एक छोटा गोल ट्रॅकबॉल, तो बोटाने फिरवला की स्क्रीनवरची निवड पुढेमागे सरकते. फोटोसाठी कडेला वेगळं बटण. हेडफोनचं नेहमीचं गोल भोक मात्र यात नव्हतं! म्हणजे ही तक्रार आजची नाही.

मग कीबोर्ड कशाला?

कारण त्याशिवाय लिहिताच येत नव्हतं. अँड्रॉइडच्या पहिल्या आवृत्तीत स्क्रीनवरचा कीबोर्डच नव्हता. तो २००९ मध्ये १.५ या आवृत्तीबरोबर आला. तोपर्यंत साधा 'ओके' लिहायचा तरी फोन आडवा धरून स्क्रीन सरकवायची.

यातली खरी गंमत सरकण्यात आहे. स्क्रीन सरळ रेषेत सरकत नाही, किंचित कमान घेत वर जाते. अर्ध्या वाटेपर्यंत तुम्ही ढकलायचं, पुढे आतली स्प्रिंग तिला जागेवर नेऊन बसवते. खाली बटणांच्या पाच ओळी, त्यात आकड्यांची ओळ वेगळी. अंधारात बटणं उजळतात. दोष एकच, फोनची खालची कड थोडी पुढे आलेली आहे. आडवा धरला की उजव्या अंगठ्याला तो उंचवटा ओलांडून बटणांपर्यंत पोहोचावं लागतं.

आजीने फोन हातात घेतला

आमची आजी सरकारी कार्यालयात टायपिस्ट होती. हिंदी टाइपरायटरवर तिची बोटं न बघता चालायची. घरची सगळी पत्रंही तीच लिहायची. आता तिचे हात थरथरतात. स्मार्टफोनच्या काचेवर 'क' दाबायला जावं, तर शेजारचं अक्षर उमटतं. खोडायला जावं, तर अर्धी ओळ जाते. हळूहळू तिने लिहिणंच सोडलं. फॅमिली ग्रुपवर फक्त फुलांचे फोटो आणि हात जोडल्याची खूण. आम्हाला वाटायचं, आजीला आता बोलायचं नसतं. खरं तर तिला लिहिता येत नव्हतं, आणि ते सांगायची तिला लाज वाटत होती.

चार्जर लावून तो जुना फोन कसाबसा सुरू केला आणि सहज तिच्या हातात दिला. तिने बटणांवरून अंगठा फिरवला. "याला कडा आहेत," ती म्हणाली. "बोट कुठे आहे ते कळतं. काचेवर काही कळत नाही बघ." मग तिने इंग्रजीत स्वतःचं नाव टाइप केलं. सावकाश, पण एकही चूक न करता. आणि लगेच विचारलं, "मराठी कुठे आहे यात?"

मराठी नव्हतं. बटणांवर इंग्रजी अक्षरं छापलेली, आणि त्या काळच्या अँड्रॉइडमध्ये देवनागरीचा फाँटच नव्हता. कुणी मराठीत मेसेज पाठवला असता, तर रिकामे चौकोन दिसले असते.

हे फोन गेले कुठे?

सरकणाऱ्या भागांनी फोन जाड होतो, खर्च वाढतो. स्क्रीन आणि खालचा भाग जोडणारी पातळ पट्टी रोज हलते, झिजते. शिवाय लोकांना व्हिडिओसाठी मोठी स्क्रीन हवी होती. तरीही प्रयत्न झाले. ब्लॅकबेरीने 'प्रिव्ह' हा सरकत्या कीबोर्डचा अँड्रॉइड फोन जानेवारी २०१६ मध्ये भारतात आणला. त्याच्या बटणांवरून नुसतं बोट फिरवलं तरी पान वरखाली सरकायचं. पण किंमत होती ६२,९९० रुपये. घराघरात पोहोचण्यासारखा तो नव्हताच.

आपल्या देशासाठी आणखी एक कारण मोलाचं आहे. बटणावर एकदा छापलेलं अक्षर बदलत नाही. काचेवरचा कीबोर्ड मात्र क्षणात मराठीचा गुजराती होतो, गुजरातीचा तमिळ होतो. ज्या काचेने आजीचं लिहिणं अवघड केलं, तिनेच तुमच्या-माझ्या भाषेला फोनमध्ये जागा दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तुमच्या घरात कुणी लिहिणं सोडलंय का?

तर आज दहा मिनिटं काढा. जीबोर्ड वापरत असाल, तर त्याच्या सेटिंग्जमध्ये हे बदल करून बघा :

• 'प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन कीबोर्डची उंची वाढवा. अक्षरं मोठी होतात, बोट चुकत नाही.

• बटण दाबल्यावर आवाज आणि हलकं कंपन सुरू करा. अक्षर उमटलं की नाही, हे बोटाला कळतं.

• बोट थोडा जास्त वेळ टेकून राहत असेल, तर 'लाँग प्रेस'चा अवधी वाढवा. नको ती अक्षरं येणं कमी होतं.

• फोन आडवा धरा. जुन्या सरकत्या फोनसारखी ऐसपैस जागा मिळते.

• भाषांमध्ये मराठी जोडा आणि माइकचं चिन्ह दाबून बोलून टाइप करायला शिकवा. औषधाचं नाव किंवा पैशाचा आकडा असेल, तर पाठवण्याआधी एकदा वाचून घ्यायला सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिकवताना फोन त्यांच्या हातातून ओढून घेऊ नका. त्यांच्याच बोटाने होऊ द्या. वेळ लागेल, लागू द्या.

आम्ही आजीचा कीबोर्ड मोठा केला, आवाज लावला. पहिल्या दिवशी ती वैतागली. दुसऱ्या दिवशी फोन बाजूला ठेवून दिला. चौथ्या दिवशी दुपारी फॅमिली ग्रुपवर तिचा मेसेज आला, काकासाठी : "तुझा जुना फोन सापडला. बटणं छान आहेत. मराठी नाही. तू कधी येतोस?"

काकाने पाच मिनिटांत फोन केला. तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.