आजीची बरणी आणि काचेतलं जंगल: घरच्या घरी टेरॅरियम

(हे आजच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेलं ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ जमेल तेवढं गाळलंय.)

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये एकाच कानात हेडफोन घालून बसला असाल, तरी स्वागत आहे. आज कोडिंग नाही, नवीन फोन नाही. आज एका बरणीबद्दल बोलायचंय.

माझ्या आजीकडे लोणच्याची काचेची बरणी होती. तीन लिटरची, रुंद तोंडाची, जाड काचेची. दोन वर्षांपूर्वी तिने लोणचं घालणं बंद केलं, कारण हात थरथरतात आणि कैऱ्या फोडवत नाहीत. बरणी माळ्यावर पडून होती. मी म्हणालो, “आजी, मी नेऊ का? झाडं लावीन तिच्यात.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की बस! पण दिली. वर एक वाक्य: “वाया घालवू नकोस.”

आणि मी घातली ना वाया. पहिल्याच महिन्यात.

गोंडस दिसतात म्हणून त्यात दोन सक्युलंट लावली. झाकण बंद केलं, पण काळजीपोटी रोज उघडून पाणी घालत होतो. शिवाय बरणी ठेवली पश्चिमेच्या खिडकीत, एप्रिल महिन्यात, पुण्यात. तीन आठवड्यांत आत काळपट चिखल आणि कुजका वास. आजीचा फोन आला, “झाडं कशी आहेत रे?” मी म्हणालो, “मस्त!” सरळ खोटं बोललो. मग ठरवलं, बग नेमका कुठे आहे ते शोधायचं.

ही कल्पना आली कुठून?

1829 साली लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसोबत बाटलीत बंद करून ठेवला होता. त्यांना कोशातून पतंग बाहेर येताना बघायचा होता. पण मातीतून उगवला एक नेचा आणि थोडं गवत. गंमत म्हणजे कोळशाच्या धुरामुळे त्यांच्या बागेत नेचे जगत नव्हते, आणि इथे बंद बाटलीत मजेत वाढत होते! पाणी न घालता ही रोपं जवळपास चार वर्षं टिकली. मग झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि ती मेली. म्हणजे जास्त पाण्याने. हे वाचलं तेव्हा मला जरा बरं वाटलं, आपण एकटे नाही!

यातूनच ‘वॉर्डियन केस’ म्हणजे काचेच्या बंद पेट्या आल्या. 1833 मध्ये अशा पेट्यांतून लंडनहून जहाजाने पाठवलेली रोपं सिडनीला जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून हिमालयाच्या भागातल्या मळ्यांसाठी चहाची रोपं भारतात आणली, तीही अशाच पेट्यांतून.

झाकण बंद, तरी झाड जगतं कसं?

मुळं मातीतलं पाणी ओढतात, पानं ते वाफेच्या रूपात बाहेर सोडतात. वाफ काचेवर जमते, थेंब होतात, ओघळून परत मातीत. बरणीतला पाऊसच म्हणा. हवेचंही तसंच. उजेडात झाड कार्बन डायऑक्साइड घेतं आणि ऑक्सिजन सोडतं. श्वसन मात्र दिवसरात्र चालू असतं. शिवाय गळलेली पानं मातीतले सूक्ष्मजीव कुजवतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि थोडं खत परत मिळतं. बाहेरून लागतो फक्त उजेड.

आता माझे बग बघा. सक्युलंट कोरड्या हवेतलं झाड, त्याला मी दमट बरणीत कोंडलं. पाणी बाहेर जायला वाट नाही, तरी रोज भर घालत राहिलो. आणि काचेतून ऊन आत येतं, पण उष्णता सहज बाहेर पडत नाही. उन्हात बंद उभी केलेली गाडी आठवा. माझी झाडं अक्षरशः शिजली.

चला, करूया

बरणी: स्वच्छ काच, हात जाईल एवढं तोंड. लोणच्याची असेल तर साबणाने दोन-तीनदा धुवा, तेलाचा अंशही नको. पूर्ण वाळू द्या.

तळाचा थर: दोन-तीन सेंटिमीटर बारीक खडी, धुतलेली. कुंडीसारखं खाली भोक नसतं, म्हणून जास्तीचं पाणी मुळांपासून लांब थांबायला ही जागा.

कोळसा: वर पातळ थर लाकडी कोळशाच्या तुकड्यांचा. वास धरायला मदत होते. मी आमच्या इस्त्रीवाल्या काकांकडून मूठभर आणला. राख मात्र नको.

जाळी: डासांच्या जाळीचा तुकडा कापून टाका, म्हणजे माती खडीत उतरत नाही.

माती: दोन भाग कोकोपीट, एक भाग पर्लाइट किंवा जाडसर वाळू, आणि मूठभर गांडूळखत. खत जास्त नको, आपल्याला झाड भराभर वाढवायचं नाहीये. मिश्रण मुठीत दाबून बघा. गोळा व्हायला हवा, पण बोटांतून पाणी ठिबकायला नको. ही टेस्ट पास झाली की अर्धं काम झालं. सगळे थर मिळून बरणीचा साधारण तिसरा हिस्सा भरू द्या.

झाडं: दमट हवा आवडणारी आणि लहान राहणारी. फिटोनिया, छोटा नेचा, लहान पेपेरोमिया. तीन लिटरच्या बरणीला दोन-तीन पुरे. वर मॉस, म्हणजे पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर येते ती हिरवी मखमल. चार बोटांएवढा तुकडा बास. ट्रेकला गेल्यावर जंगलातून उपटून आणू नका प्लीज, ते तिथल्या मातीला धरून ठेवतं.

लावून झालं की स्प्रेने काच आणि पानं हलकेच धुवा. झाकण लावा. झालं.

आता कठीण भाग: काही न करणं

पहिले दोन आठवडे काचेकडे बघायचं. तीच तुमची डॅशबोर्ड. सकाळी एका बाजूला धुकं आणि दुपारपर्यंत काच साफ, म्हणजे पाणी बरोबर. दिवसभर सगळी काच धुक्याने भरलेली असेल तर पाणी जास्त झालंय, झाकण काही तास उघडं ठेवा. धुकं अजिबात नाही आणि माती फिकट दिसतेय, तर दोन-तीन फवारे. ग्लासभर नाही, फवारे!

जागा अशी, जिथे दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येतो, पण थेट ऊन पडत नाही. आठवड्यातून एकदा बरणी थोडी फिरवा, नाहीतर झाडं एकाच बाजूला झुकतात.

पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका. सुरुवातीला येते. कुजलेलं पान चिमट्याने काढा, थोडी हवा द्या. मातीत उड्या मारणारे पांढरे ठिपक्याएवढे किडे दिसले तर ते बहुतेक स्प्रिंगटेल, बुरशी खाणारे. राहू द्या त्यांना. पानं काचेला टेकायला लागली की कात्रीने शेंडे खुडा.

माझी दुसरी बरणी आता 14 महिन्यांची आहे. या काळात पाणी घातलं फक्त चार वेळा. आमच्या कामात काही बिघडलं की रात्री दोनला फोन वाजतो आणि लगेच काहीतरी करावंच लागतं. या बरणीने मला उलटं शिकवलं. आधी बघ. मग परत बघ. बहुतेक वेळा ती आपली आपण सावरते.

दिवाळीत ती आजीकडे घेऊन गेलो आणि पहिल्या बरणीचं खरं सांगून टाकलं. ती रागावली नाही. चष्मा लावून बराच वेळ आत बघत बसली. मग म्हणाली, “अरे, हे लोणच्यासारखंच की. भरताना काळजी घ्यायची, झाकण घट्ट लावायचं आणि सारखा हात घालायचा नाही. मला विचारलं असतंस तर आधीच सांगितलं असतं.”

बरणी आता तिच्याकडेच आहे, देवघराशेजारच्या कोनाड्यात. रोज सकाळी धुकं आलं का ते बघते आणि फोनवर मला रिपोर्ट देते.

तर मंडळी, या रविवारी घरातली एखादी रिकामी बरणी शोधा. आणि माळ्यावरची काढणार असाल तर आधी तिच्या मालकिणीला विचारा. भेटूया पुढच्या भागात!