इनडोअर कबड्डीचे फोटो ब्लर का येतात? कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेल्या फ्लॅशचं गणित

नाशिक विभागात नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार असे पाच जिल्हे येतात. विभागीय शालेय स्पर्धेपर्यंत पोचलेल्या एखाद्या मुलीने आधी तालुका आणि मग जिल्हा जिंकलेला असतो. तिच्या त्या मॅचचा फोटो पुन्हा काढता येत नाही. शाळेच्या बोर्डावर, गावच्या ग्रुपवर, पेपरात, सगळीकडे तोच जाणार. आणि बहुतेक वेळा त्या फोटोत चेहऱ्याच्या जागी एक धूसर पट्टा असतो.

दोष फोनच्या मेगापिक्सेलचा नाही. प्रश्न उजेडाचा आणि वेळेचा आहे. तो नीट समजला, की फोनवरचे फोटोही सुधारतात.

ब्लर म्हणजे नक्की काय?

समजा, चढाई करणाऱ्या खेळाडूचा हात सेकंदाला ६ मीटर वेगाने पुढे जातोय. हॉलमध्ये उजेड कमी असल्यामुळे फोनने शटर १/६० सेकंद उघडं ठेवलं. तेवढ्या वेळात हात १० सेंटीमीटर सरकला, म्हणजे फोटोत तो १० सेंटीमीटर पसरणार. शटर १/१००० केलं तर हात फक्त ६ मिलिमीटर सरकतो, पण कॅमेऱ्यात उजेडही जवळपास सतरा पट कमी जातो. मग फोन आयएसओ वाढवतो आणि फोटोत दाणे दिसायला लागतात.

मैदानावर दुपारी ही अडचण येत नाही, कारण सूर्य फुकट उजेड देतो. हिरावाडीच्या मीनाताई ठाकरे क्रीडा संकुलासारखा हॉल असो की कॉलेजचं इनडोअर कोर्ट, आपल्या डोळ्यांना तिथे लख्ख वाटतं. कॅमेऱ्यासाठी मात्र ती संध्याकाळच असते.

मग फोनचा फ्लॅश लावू का?

नको. फोनवर ज्याला फ्लॅश म्हणतात तो खरं तर एलईडी टॉर्च आहे. तो दोन-तीन मीटरपर्यंत बरा चालतो आणि शटर उघडं असेपर्यंत जळत राहतो. म्हणजे हालचाल थांबवण्यात त्याचा काही उपयोग नाही. समोरच्या रांगेतल्या काकांचं डोकं तेवढं उजळेल.

खरा फ्लॅश झेनॉन वायूच्या नळीचा असतो. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका क्षणात नळीतून जाते आणि प्रखर उजेडाचा झटका येतो. नोकियाच्या ८०८ प्युअरव्ह्यू (२०१२) आणि लुमिया १०२० (२०१३) या फोनमध्ये असा झेनॉन फ्लॅश होता. पण नळी आणि कपॅसिटर जागा खातात, त्यामुळे पातळ फोनच्या जमान्यात ते मागे पडले.

हालचाल शटर नाही, फ्लॅश थांबवतो

लग्नाचे फोटोग्राफर कॅमेऱ्यावर लावतात तो स्पीडलाइट पूर्ण ताकदीवर साधारण १/१००० सेकंद पेटतो. ताकद १/४ केली की १/२५०० च्या आसपास आणि १/१६ केली की १/१०,००० च्या आसपास. ताकद कमी केली की उजेड मंद होत नाही, झटका लवकर कापला जातो.

आता हॉल जवळपास काळोखा आहे असं समजा. शटर १/२५० सेकंद उघडं आहे, पण उजेड मिळाला फक्त १/२५०० सेकंद. कॅमेऱ्याने पाहिलं ते तेवढंच. आपला ६ मीटर वेगाचा हात त्या वेळात अडीच मिलिमीटरही सरकत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी याच तत्त्वावर दुधाच्या थेंबाचा उडालेला मुकुट आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळी फोटोत पकडली.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब का?

अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. पुरुषांच्या कबड्डीची मॅट १३ बाय १० मीटर असते. फ्लॅश बाजूच्या रेषेपासून ३ मीटरवर असेल तर जवळची रेषा ३ मीटरवर आणि पलीकडची १३ मीटरवर. पलीकडच्या खेळाडूला जवळच्यापेक्षा जवळपास १९ पट कमी उजेड मिळतो. जवळचा पांढरा फटक, लांबचा काळा ठिक्कर. तोच फ्लॅश १२ मीटर मागे, गॅलरीच्या कठड्यावर नेला तर अंतरं १२ आणि २२ होतात आणि फरक साडेतीन पटीच्या आत येतो.

शिवाय उंचावरून आणि बाजूने उजेड आला की चेहऱ्याला आणि स्नायूंना उठाव येतो, आणि खेळाडूंच्या थेट डोळ्यांत फ्लॅश जात नाही.

परदेशातल्या आइस हॉकीच्या हॉलमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर करतात. नॅशनल हॉकी लीगची रिंक २०० बाय ८५ फूट असते, म्हणजे कबड्डीच्या मॅटपेक्षा दहा पटींहून मोठी. तिथे छताजवळ मोठे स्ट्रोब बांधतात आणि खाली बसलेला फोटोग्राफर ते रेडिओने पेटवतो. पांढऱ्या बर्फावरून उजेड परत वर उसळतो, त्यामुळे हेल्मेटखालचा चेहराही दिसतो. आपल्या रंगीत मॅटवर तो फायदा फारसा मिळत नाही, म्हणून एका फ्लॅशपेक्षा दोन कोपऱ्यांतून दोन फ्लॅश बरे.

आपल्या हॉलमधला सेटअप

दोन स्पीडलाइट, एक रेडिओ ट्रिगर, दोन क्लॅम्प आणि एक साधा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा. विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या वेडिंग फोटोग्राफरकडे हे सगळं बहुतेक असतंच. मॅच रविवारी असेल आणि मुहूर्त नसेल, तर मागून बघा.

१. दोन्ही फ्लॅश तुमच्याच बाजूच्या गॅलरीच्या दोन टोकांना बांधा. झूम ७० च्या आसपास, ताकद १/४.

२. कॅमेरा मॅन्युअलवर. शटर १/२०० किंवा १/२५०, अॅपर्चर एफ/४, आयएसओ ८००.

३. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो जवळपास काळा यायला हवा. खेळाडू स्पष्ट दिसत असतील तर आयएसओ कमी करा. नाहीतर फ्लॅशमधल्या स्पष्ट आकृतीभोवती हॉलच्या उजेडातली एक भुतासारखी धूसर सावली येते.

४. आता फ्लॅश चालू करून मॅटच्या दोन्ही टोकांवर मित्राला उभं करा आणि तपासा.

शटर १/२५० च्या पुढे नेऊ नका. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे असतात. त्याहून जास्त वेगाला पूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडा नसतो, फक्त एक फट सरकत जाते. मग अर्धा फोटो काळा.

एक गोष्ट डोक्यात ठेवा. प्रत्येक झटक्यानंतर फ्लॅशला पुन्हा चार्ज व्हायला वेळ लागतो, त्यामुळे धडाधड बर्स्ट मारता येत नाही. चढाई ३० सेकंदांची असते. तिच्यात एकच चांगला फोटो मिळेल असं धरून चाला. निदान रेषा ओलांडून पाय बोनस रेषेकडे जातो तो क्षण, किंवा कोपरारक्षक घोट्याला हात घालतो तो. खेळ कळणारा मुलगा इथे महागड्या कॅमेऱ्याला मागे टाकतो.

फोनच आहे, तर?

बाहेरचा फ्लॅश फोनला जोडून इथे भागत नाही. फोनचा सेन्सर एकेक ओळ वाचत खाली जातो. शटर १/५०० ठेवलं तर फ्लॅशचा उजेड फोटोत एका आडव्या पट्ट्यापुरताच येईल. त्यामुळे फोनवर हॉलचाच उजेड वापरायचा.

- नाइट मोड बंद, फ्लॅश बंद. प्रो मोडमध्ये शटर १/४०० किंवा १/५००.
- झूम न करता मुख्य, म्हणजे १x कॅमेरा वापरा. बहुतेक फोनमध्ये त्याचाच सेन्सर सगळ्यात मोठा असतो.
- फोटोत आडवे काळे पट्टे आले तर तो दिव्यांचा खेळ आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० वर आणा आणि खेळाडू क्षणभर थबकतो तेव्हा फोटो घ्या.
- मॅटजवळ, पण रेषेबाहेर, खाली बसा. चेहरे दिसतील.

आधी विचारा, मग बांधा

बॅडमिंटन, टेबल टेनिस आणि जिम्नॅस्टिक्सच्या मोठ्या स्पर्धांत फ्लॅश चालत नाही. मल्लखांबावर उलट्या लटकलेल्या मुलावरही तो मारू नका, एका क्षणाची अंधारी त्याला खाली पाडू शकते. कबड्डीतही आयोजक, पंच आणि दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना आधी विचारा, वॉर्मअपमध्ये दोन-तीनदा फ्लॅश मारून दाखवा, आणि एकाही खेळाडूला त्रास होत असेल तर बंद करा. गॅलरीवर बांधलेल्या प्रत्येक फ्लॅशला क्लॅम्पशिवाय एक वेगळी दोरी किंवा वायर हवीच, कारण खाली माणसं बसलेली असतात.

आणि मॅच संपल्यावर फोटो त्या मुलांपर्यंत पोचवा. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलात तर तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे पेपरात छापायची वेळ आली तर तो कामी येईल.